पाचवा थेंब

३ जुलै रोजी छटाकने कॉलेजच्या फीच्या खिडकीत सहाशे चाळीस रुपये भरले. खिडकी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर होती, पण छटाकच्या नाही. आत बसलेल्या कारकुनाला तिचे कपाळ आणि वर आलेल्या नोटा एवढेच दिसले. तेवढ्यावरून त्याने तिला ओळखले.

"रसायनाचं प्रॅक्टिकल ना? ही तिसरी खेप. यात राहिलीस तर पहिल्या वर्षापासून सगळं पुन्हा."

"माहीत आहे," कपाळ म्हणाले. "म्हणून तर सुटे आणलेत."

तिची उंची चार फूट सात इंच. शाळेत कोणीतरी तिला छटाकभर पोरगी म्हटले. पुढे बोलणाऱ्यांनी आपली सोय पाहिली आणि नुसते छटाक उरले. सख्खा भाऊही तिला तेच म्हणतो. तिला त्याचे काही वाटत नाही. वाटायचे ते एकदा चौथीत वाटून झाले, असे ती सांगते.

हमरस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात ती नऊ वर्षे काउंटरवर उभी होती. दुकानाचा परवाना भिंतीवर चौकटीत होता आणि ज्यांच्या नावाचा होता ते काका त्याच्याखालच्या खुर्चीत. काका अकराला येत, पेपर वाचत आणि पेपर छातीवर घेऊन डोळे मिटत. गिऱ्हाइकांशी बोलणे, चिठ्ठ्या वाचणे, डॉक्टरांचे किडे-मुंग्यांसारखे अक्षर लावणे, लहान मुलांची पातळ औषधे मापून बाटलीत भरणे, हे सगळे छटाक करी. काका त्या वर्षअखेर मुलाकडे राहायला जाणार होते. मालकांनी तिला बसवून सरळ सांगितले होते. भिंतीवर परवाना लागतो. तुझा लागला तर खुर्ची तुझी. नाही लागला तर परवानावाला दुसरा माणूस आणावा लागेल, आणि दोन पगार दुकानाला झेपणार नाहीत. मालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी हे सांगताना तिच्यासाठी चहाही मागवला होता.

औषधशास्त्राच्या पदविकेतले बाकीचे सगळे विषय सुटले होते. रसायनाचे लेखीही सुटले होते. अडले होते ते फक्त प्रॅक्टिकल.

त्या कॉलेजात रसायनाने भल्याभल्यांचे पाणी जोखले होते. वर्षाच्या पहिल्या दिवशी सर वर्गात येत आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आदल्या वर्षी पास झालेल्यांचा आकडा लिहीत. त्याला चौकट करून खाली लिहीत, पुसू नये. बस, तेवढेच प्रास्ताविक. तो आकडा वर्षभर तिथे असे आणि मुले तो बघत समीकरणे उतरवून घेत. कोणी मूलद्रव्यांची यादी अंघोळ करताना मोठमोठ्याने म्हणे, तर कोणी हातावर सूत्रे लिहून घेई आणि अ‍ॅसिडचा एक शिंतोडा नेमका सूत्रावर उडे. रडायचे तर तराजूच्या खोलीत, कारण दार बंद होणारी तेवढी एकच खोली होती. पण तिथेही धड रडता येत नसे. हुंदक्याने तराजूचा काटा हलायचा आणि वजन करायला आलेली पुढची मुलगी म्हणायची, "बाई, रड, पण श्वास धरून रड."

छटाक तिथे कधी रडली नाही. तिला रडण्यापेक्षा राग लवकर येई.

प्रॅक्टिकलला प्रत्येकाला एक बाटली मिळे. आतल्या द्रावणात अल्कली किती आहे ते काढायचे. उत्तर सरांच्या बंद पाकिटात. त्यासाठी ब्युरेट लागते. ब्युरेट म्हणजे हातभर लांबीची उभी काचनळी. तिच्यावर बारीक रेघा, शून्य सगळ्यात वर, आकडे खाली वाढत जाणारे, आणि तळाला तोटी. नळीत अ‍ॅसिड भरून बरोबर शून्यावर आणायचे. मग तोटी हळूहळू सोडून ते खालच्या गुलाबी द्रावणात थेंबथेंब पाडायचे. गुलाबी रंग उडाला की थांबायचे आणि अ‍ॅसिड कुठवर उतरले ते वाचायचे. हे ऐकायला सोपे आहे. पाकिटातल्या उत्तरापासून चार थेंब इकडेतिकडे चालत. पाचवा चालत नसे.

छटाकचे उत्तर पाच थेंबांनी कमी यायचे, कधी सहा. जास्त कधीच नाही.

सरांचे निदान एका वाक्यात होते. रंग पूर्ण जायच्या आत थांबतेस, तुझा हात उतावळा आहे. पहिल्या खेपेला नापास केले तेव्हाही हेच, दुसऱ्या खेपेलाही हेच. छटाकने ते मनावर घेतले. ती रंग उडाला की मनातल्या मनात थांब म्हणायची आणि खात्रीसाठी आणखी एक थेंब पाडायची, मग आणखी एक. रंग एकदा गेल्यावर वरून किती पडले ते डोळ्याला कळत नाही. त्यामुळे दुसऱ्या खेपेला तिची तीन रीडिंगं तीन दिशांना गेली आणि एक तेवढे चुकून बरोबर आले. परीक्षकांनी ते बरोबर आलेले रीडिंग कुणाचे पाहिले म्हणून विचारले होते. दुकानात नऊ वर्षे मापाने औषध ओतणाऱ्या बाईला हात उतावळा म्हणणे आणि वर चोर म्हणणे. ती घरी आली तेव्हा वहिनीने ताट वाढले आणि दोन तास तिच्याशी कोणी बोलू नये असे मुलांना बजावले.

आता त्या प्रयोगशाळेची एक गोष्ट सांगायला हवी. इतर ठिकाणी ब्युरेट सुट्या स्टॅण्डला लावतात, हवी तशी खालीवर करतात. इथे पोरांनी फार नळ्या फोडल्या म्हणून सरांनी भिंतीत एक लोखंडी पट्टी बसवून घेतली होती आणि सगळ्या नळ्या तिला कायमच्या आवळून टाकल्या होत्या. एका उंचीवर, एका ओळीत, शिपायांच्या कवायतीसारख्या. तेव्हापासून नळी फुटली नव्हती. मात्र शून्याची रेघ सरांच्या डोळ्यासमोर आली होती, आणि सर चांगले उंच होते.

बुटक्या मुलींनी यावर तोडगा काढला होता. वर्गात शिडी नावाचा एक मुलगा होता. त्याला हे नाव का पडले ते सांगायला नको. मुली नळी भरत आणि हाक मारत, शिडी, वाच ना. तो येई, मान जरा वाकवून वाची आणि आकडा सांगून पुढे जाई. मोबदला दर रीडिंगला अर्धा चहा. सरांना हे ठाऊक होते. परीक्षेतही शिडी ओळीतून सहज फिरल्यासारखा फिरे आणि सर त्या वेळी खिडकीबाहेर बघत.

छटाकने पहिल्याच महिन्यात शिडीला एकदा बोलावले होते. तो शेजारणीशी बोलता बोलता आला आणि शेजारणीच्याच नळीचा आकडा तिला सांगून गेला. त्यानंतर तिने त्याला बोलावले नाही. मैत्रिणी म्हणाल्या, एवढी काय घमेंड, अर्ध्या चहाचा तर प्रश्न आहे. तर ती म्हणाली, "माझ्या हातचं औषध लोकांची पोरं पितात. तिथे काय शिडीला बोलवू?"

म्हणून ती टाचा उंच करून, मान ताणून स्वतः वाची. आणि पाच थेंब कमी येत.

तिसऱ्या खेपेचे पैसे भरून पंधरवडा झाला असेल. दुकानात भिंतीशी एक काचेचे कपाट होते. वरच्या फळीवर स्पिरिटची मोठी बरणी. किती उरले ते बघायला बरणी उतरवावी लागू नये म्हणून मालकांनी कपाटाच्या दाराच्या काचेवरच बायकोच्या नेलपॉलिशने लाल रेघा मारून ठेवल्या होत्या. रोज सकाळी छटाक खालून बघून किती उरले ते सांगे आणि त्यावर मालक माल मागवीत. त्या दिवशी नवा डबा आला. मालक बरणीत ओतायला गेले आणि अर्धा डबा उरला.

"छटाक, तुझ्या नजरेला सगळं कमीच कसं दिसतं गं?" मालक म्हणाले. "मागच्या महिन्यातही हेच. जास्त उरलंय असं तू कधी सांगितलंच नाहीस."

नेहमीची ती असती तर तिने उलट उत्तर दिले असते. या वेळी ती काचेवरच्या रेघांकडे बघत राहिली. मालक आत गेल्यावर तिने औषधांचे एक रिकामे लाकडी खोके ओढले आणि त्यावर उभी राहिली. स्पिरिट सर्वात वरच्या रेघेवर होते. ती खाली उतरली. स्पिरिट त्या रेघेच्या बोटभर खाली गेले. पुन्हा चढली, वर आले. पुन्हा उतरली, खाली गेले. रेघ पुढे होती, बरणी मागे. खालून बघणाऱ्या नजरेला मागची गोष्ट पुढच्या खालच्या रेघेशी दिसत होती. बरणीत काहीच हलत नव्हते. हलत होती ती छटाक.

काउंटरपलीकडे एक म्हातारे गृहस्थ खोकल्याच्या गोळ्यांसाठी उभे होते. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "बाई, कसरत झाली असेल तर गोळ्या द्या."

तिने गोळ्या दिल्या, पैसे घेतले आणि तशीच उभी राहिली. ब्युरेटवरची रेघ नळीच्या बाहेरच्या अंगाला असते, अ‍ॅसिडची पातळी आत. ती खालून बघून शून्य लावत होती. तिच्या शून्याला अ‍ॅसिड खरे तर शून्याच्या वर उभे असे. ते वरचे तीन रेघांचे अ‍ॅसिड फुकटात खाली पडत होते आणि तिच्या हिशेबात येत नव्हते. शेवटचा आकडा मधोमध, तिच्या डोळ्यासमोर, म्हणून तो बरोबर वाचला जाई. चूक फक्त शून्याला होती. हात उतावळा नव्हता. हात कधीच उतावळा नव्हता.

दोन वर्षे तिने आपल्या हाताला शिव्या दिल्या होत्या. ते आठवून तिला पहिल्यांदा रडू आले, पण पुढचे गिऱ्हाईक उभे होते.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या खोलीत गेली. सगळे नीट सांगितले, कागदावर आकृती काढून दाखवली. सरांनी आकृती पाहिली. म्हणाले, बरोबर आहे, डोळा पातळीसमोर हवा हे मी पहिल्याच तासाला सांगतो. छटाक म्हणाली, सांगता, पण पट्टी तुमच्या डोळ्यासमोर आहे. ती खाली घ्या. सर म्हणाले, ती भिंतीत आहे, हलवायला मंजुरी लागते. मग नळी सोडवून खाली धरते. नळी सोडवायची नाही. मग स्टूल आणते.

स्टूल म्हटल्यावर सरांनी पेन खाली ठेवले. सर बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. त्यांनी डावी बाही कोपरापर्यंत वर केली. मनगटापासून वर कातडी वितळून पुन्हा थिजल्यासारखी दिसत होती. खूप वर्षांपूर्वी एक मुलगा असाच स्टुलावर चढला होता, ते म्हणाले. हातात अ‍ॅसिडची बाटली. घसरला. सरांनी मध्ये हात घातला म्हणून मुलाचा डोळा वाचला, पण तो मुलगा पुन्हा कॉलेजात आला नाही. तेव्हापासून प्रयोगशाळेत स्टूल नाही, खुर्ची नाही, विटेचा तुकडाही नाही.

छटाकने तो हात नीट पाहिला. ती औषधांच्या दुकानातली, भाजलेले हात तिने पुष्कळ पाहिले होते.

"सर, वाईट झालं," ती म्हणाली. "पण आम्ही बुटक्या मुली नळी कशी भरतो, ते कधी पाहिलंत? हात डोक्याच्या वर करून ओततो. अ‍ॅसिड वर आणि तोंड खाली. स्टुलावरून एक मुलगा एकदा पडला. हे आम्ही रोज करतो."

सरांनी बाही खाली घेऊन बटण लावले. मग म्हणाले, "शिडीला सांगत जा. सगळ्या सांगतात."

"परीक्षेतसुद्धा?"

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"तुम्ही मला दोनदा उतावळी म्हणून नापास केलंत, सर."

"मी उंचीवर मार्क देत नाही," सर म्हणाले.

"देत नाही. कापता मात्र उंचीवरच."

नियम नियम आहे, असे म्हणून सरांनी पेन उचलले. छटाकने आकृतीचा कागद घडी करून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि नमस्कार करून निघाली. नमस्कार करताना तिने ठरवून टाकले होते.

तिचा भाऊ दारे-खिडक्या करणाऱ्या कारखान्यात सुतार होता. तिने दुकानातले ते खोके घरी आणून त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाली, दादा, हे असं कर की हत्ती उभा राहिला तरी हलू नये. दादाने विचारले, कशाला? तिने सांगितले. दादा म्हणाला, बाहेर काढतील तुला, आणि परीक्षाही जाईल. वहिनी पोळपाटावरून मान न उचलता म्हणाली, "वन्सं, तुम्हाला जर काढलंच, तर खोकं परत आणा. मला वरच्या फळीवरचे डबे काढायला होईल."

दादाने चारी कोपऱ्यांत आडव्या पट्ट्या ठोकल्या, वरची फळी रंधून घेतली आणि तळाला जुन्या टायरचे रबर खिळ्यांनी बसवले. स्वतः वर उभा राहून उड्या मारून पाहिल्या. ते करताना तो सगळा वेळ कुरकुरत होता. या मुलीचं डोकं म्हणजे, नाही म्हटलं की पाय आणखी रोवून उभी राहते, लहानपणापासून हेच. पण रबराच्या कडा त्याने कानशीने घासून सारख्या केल्या. तेवढे त्याला कोणी सांगितले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी छटाक खोके कापडी पिशवीत घालून गेली. पिशवी तिच्या गुडघ्यावर आपटत होती. फळ्याच्या कोपऱ्यातला आकडा जागेवर होता. बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक खुर्चीत बसले होते. खुर्ची त्यांच्यासाठी ऑफिसातून मागवली होती. गृहस्थ स्थूल आणि मध्यम उंचीचे होते. मुले आपापल्या नळीसमोर उभी राहिली. छटाकने पिशवीतून खोके काढले, नळीखाली ठेवले, पायाने दाबून पाहिले आणि वर चढली.

सगळी प्रयोगशाळा वळून बघू लागली. सर लांब पावले टाकत आले. ते आणि छटाक आता जवळजवळ समोरासमोर होते. इतकी वर्षे तिने त्यांची हनुवटीच पाहिली होती.

"खोकं बाहेर ठेव."

"शून्य लावून झालं की उतरते, सर."

"आत्ता उतर. नियम माहीत आहे तुला."

"माहीत आहे," छटाक म्हणाली. तिचा आवाज थोडा हलत होता आणि ते तिला आवडले नाही, म्हणून तिने पुढचे अधिक मोठ्याने म्हटले. "उतरवायचंच असेल तर उचलून उतरवा. मी आपण होऊन उतरणार नाही. मला नापास करायचं तर माझ्या रीडिंगवर करा."

कोणी हसले नाही. शिडी आपल्या जागेवर इतका ताठ उभा होता की आणखी दोन इंच वाढला असावा. परीक्षकांनी घड्याळ पाहिले आणि म्हणाले, सर, वेळ जातोय, सुरू करू या, खोक्याचं नंतर बघा. सर तिथून गेले. पण त्यांनी खिशातून डायरी काढून काहीतरी टिपून घेतले, ते सगळ्यांनी पाहिले.

छटाकने नळी भरली. या वेळी अ‍ॅसिड कपाळाच्या उंचीवर होते, डोक्याच्या वर नव्हते. शून्याची रेघ तिच्या डोळ्यांसमोर सरळ आडवी आली. पहिल्यांदाच तिने ती अशी पाहिली. थेंबथेंब सोडत तिने पातळी रेघेला टेकवली आणि हात वर केला.

सुरुवातीचे रीडिंग परीक्षकांनी पाहून सही करायची असते. परीक्षक आले, नळीकडे मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "हे शून्यावर नाही. दोन रेघा खाली आहे. पुन्हा भर."

इथेच सगळे होते. पुन्हा भरून त्यांच्या नजरेचे शून्य लावले तर उत्तर तिथेच चार थेंबांनी कमी येणार, आणि पुढे एक थेंब चुकला की खुर्ची जाणार. नाही लावले तर सही नाही, आणि सहीशिवाय पेपर नाही.

"शून्यावर आहे, साहेब. तुम्ही खालून बघताय."

"तू मला ब्युरेट वाचायला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. वर या आणि बघा. खोकं मजबूत आहे, माझ्या दादाने केलंय."

परीक्षकांनी खोक्याकडे पाहिले, मग आपल्या पोटाकडे. त्यांचा चेहरा लाल झाला. पेपर रद्द करण्यासाठी तोंड उघडले असावे, तेवढ्यात सर पुन्हा आले. परीक्षकांनी त्यांना सांगितले, ही मुलगी ऐकत नाही, रीडिंग चुकीचे आहे, तुम्हीच बघा.

सर नळीसमोर उभे राहिले. त्यांना मान वाकवावी लागली नाही, उचलावीही लागली नाही. ती पट्टी त्यांच्याच उंचीला बसवलेली होती. म्हणाले, "शून्य."

छटाकला वाटले, झाले, आता सही होईल. पण सर एक पाऊल मागे सरले आणि गुडघे वाकवू लागले. हळूहळू, एक हात टेबलाच्या कडेवर ठेवून, ते परीक्षकांच्या उंचीला आले. म्हणाले, "दोन रेघा." आणखी वाकले. त्यांचे गुडघे कटकन वाजले. आता त्यांचे डोळे तिथे होते जिथे छटाक जमिनीवर उभी असती तर तिचे असते. तिथून त्यांनी नळीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"तीन," ते म्हणाले.

उठताना त्यांना कोणी हात दिला नाही, कारण हात द्यावा की नाही ते कोणालाच कळेना. शेवटी शिडीने पुढे होऊन दंड धरला. सरांनी पँट झटकली आणि परीक्षकांना सांगितले, रीडिंग बरोबर आहे, सही करा. परीक्षकांनी सही केली. ती जरा वाकडी आली.

छटाक खाली उतरली, खोके पायाने बाजूला सारले आणि तोटी सोडली. गुलाबी रंग फिका होत गेला, गेला, आणि एका थेंबाला नाहीसा झाला. ती तिथेच थांबली. खात्रीचा थेंब पाडला नाही. तीनही वेळा असेच केले, दर वेळी वर चढून आणि खाली उतरून. तीनही रीडिंगं बहिणी-बहिणींसारखी आली. पाकिटातल्या उत्तराशी फरक एका थेंबाचा निघाला.

निकाल लागला तेव्हा ती पास होती. फार वर नाही, पण पास. प्रॅक्टिकलच्या तोंडी प्रश्नांत तिचे थोडे गुण गेले होते आणि त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

त्याच आठवड्यात कॉलेजचा कागद आला. मनाई असताना प्रयोगशाळेत सामान आणल्याबद्दल दंड पंचवीस रुपये, आणि सामान जप्त. खाली सरांची सही, सरळ आणि स्वच्छ. छटाक तो कागद घेऊन फीच्या खिडकीत गेली. तिने कारकुनाला सांगितले की खोके तुम्ही ठेवून घेतले आहे, लाकूड, रबर, खिळे आणि दादाची मजुरी धरली तर पंचवीसाच्या वरच जाते. त्यातून वळते करा आणि उरलेले मला द्या. कारकून म्हणाला, जप्तीचे खाते वेगळे, दंडाचे वेगळे, एकातून दुसऱ्यात वळवता येत नाही. दंड भरला नाही तर कॉलेज सोडल्याचा दाखला अडेल. छटाकने विचारले, परवान्याला तो दाखला लागतो का? नाही, फक्त गुणपत्रिका लागते. मग अडू दे, असे म्हणून कपाळ खिडकीतून दिसेनासे झाले.

काका मुलाकडे गेले. त्यांची चौकट उतरली आणि तिथे छटाकची लागायची होती. मालकांनी हातोडी घेतली आणि जुन्याच खिळ्याला अडकवू लागले. छटाक म्हणाली, तिथे नाही. तिने स्वतः, टाचा न उचलता, आपल्या डोळ्यांच्या उंचीवर दुसरा खिळा ठोकला. मालक म्हणाले, अगं, लोकांना वाकून वाचावं लागेल. ती म्हणाली, "ज्याला वाचायचाय तो वाकेल."

आणि लोक वाकतात. काही जण कमरेवर हात ठेवून वाकतात.

पुढच्या वर्षी शिडी दुकानात घशाच्या गोळ्या घ्यायला आला होता. त्याचाही एक विषय राहिला होता. तो उदास होता. त्याने सांगितले की हल्ली त्याला कोणी वाचायला बोलावत नाही. चहा बंद झाला. जप्त केलेल्या खोक्यावर कॉलेजने पांढऱ्या रंगात सामानाचा नंबर टाकला आहे आणि ते दुसऱ्या रांगेत असते. मुली ओढून नेतात. सर बघतात का, असे छटाकने विचारले. शिडी म्हणाला, बघतात ना. कोणी चढून बाटली हातात घेतली की ओरडतात, आधी बाटली खाली ठेव, मग चढ.

त्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी सर स्वतः आले. हाताच्या जुन्या कातडीला थंडीत भेगा पडत, त्यासाठी मलम हवे होते. छटाक काकांच्या खुर्चीत होती. ती उठली, नमस्कार केला, मलम काढले आणि ते कसे लावायचे ते सांगितले. सरांनी ते नीट ऐकून घेतले. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. ते कमरेत वाकले आणि परवाना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. शिक्क्यावरची तारीखही वाचली.

"पंचवीस रुपये राहिलेत तुझे," सरळ होत ते म्हणाले.

"माहीत आहे, सर. मलमाचे अठरा झाले."

सरांनी अठरा रुपये मोजून काउंटरवर ठेवले आणि मलम खिशात घालून गेले. दंडाचे पंचवीस रुपये कॉलेजला छटाककडून अजून येणे आहेत.